रजिस्टरात माल, रॅकवर नाही

भोसरीच्या एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. बिजागरीच्या पिना हे आमचं मुख्य काम. तीन वर्षांपूर्वी एका बुधवारी संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या परचेसमधून फोन आला, तीन हजार पिना शुक्रवारी सकाळी लाइनवर हव्यात. रजिस्टरात अडतीसशे तयार होत्या, मी हो म्हणून बसलो. रात्री मोजल्या तर रॅकवर नऊशे.

बाकीच्या कुठे गेल्या हे कुणालाच सांगता येईना. गुरुवारची सुट्टी मोडून माणसं बोलावली, मिळेल त्या भावाने बार उचलला, मशीन चालवली. पण गुरुवारी प्लेटिंगवालाही बंद. माल शनिवारी पोचला आणि तोवर लाइन थांबली होती. महिन्याभराने त्याच प्लेटिंगवाल्याकडे ताडपत्रीखाली आमचे क्रेट सापडले, आमचा चलन नंबर खडूने लिहिलेले. रंग नीट बसला नाही म्हणून पिना पुन्हा प्लेटिंगला धाडल्या होत्या. चलन फाडलं होतं, रजिस्टरातून वजा करायचं राहिलं होतं.

त्यानंतर सॉफ्टवेअर घेतलं आणि दुसरी चूक केली. नोंदीसाठी ऑफिसात एक मुलगी बसवली. शिफ्ट संपली की सुपरवायझर तिच्या टेबलावर कागद ठेवायचे. म्हणजे दुपारी चारला स्क्रीनवर दिसायचा तो आदल्या दिवशीचा कारखाना. सहा महिन्यांचे पैसे असेच गेले.

तुम्ही घेणार असाल तर आधी एका सुट्टीच्या दिवशी सगळा माल हाताने मोजा, बाहेर पडलेलाही. वस्तूंची नावं एक करा. आमच्याकडे एकच पिन स्टोअरमध्ये एका नावाने, शॉपवर दुसऱ्या आणि बिलावर ड्रॉइंग नंबरने चालायची. सॉफ्टवेअरने तिचे तीन स्टॉक दाखवले.

मग सुरुवात गेटपासून करा. आम्ही हातचं चलनबुक कुलपात घातलं. सॉफ्टवेअरमधून चलन निघाल्याशिवाय वॉचमन गाडी सोडत नाही. पहिले पंधरा दिवस टेंपो ताटकळले, भांडणं झाली, पण मी मागे हटलो नाही. कारण निघायच्या क्षणी नोंद झाली तरच माल कोणाकडे आहे ते त्या क्षणी कळतं. शिवाय जॉब वर्कला गेलेला कच्चा किंवा अर्धा तयार माल जीएसटी कायद्याप्रमाणे 1 वर्षात परत यावा लागतो; नाहीतर पाठवला त्याच दिवशी तो विकला असं धरतात. कोणता माल किती दिवस बाहेर पडून आहे, ही यादी मी आता रोज सकाळी बघतो.

डेमोच्या वेळी विक्रेता स्वतःची उदाहरणं घेऊन येतो. ती बाजूला ठेवा, आपली द्या. हजार नग प्लेटिंगला गेले, नऊशे साठ आले, त्यातले चाळीस पुन्हा पाठवले: हे समोर बसून करून दाखवायला सांगा. जिथे तो अडखळेल तिथेच उद्या तुमचा माल हरवणार आहे. आणि सोडायची वेळ आली तर आपला सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळेल का, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या.

शेवटचं सांगताना अजून वाईट वाटतं. मशीनजवळ टॅब बसवल्यावर एका ऑपरेटरने सकाळी सव्वाअकराला साठ रिजेक्ट टाकले. मी खाली जाऊन सगळ्यांसमोर त्याला झापलं. पुढचे दोन आठवडे स्क्रीनवर एकही रिजेक्ट नव्हता, आणि भंगाराचा डबा मात्र भरत होता. शेवटी मशीनपाशी जाऊन, सगळ्यांसमोरच, त्याची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी साडेनऊला आठ रिजेक्ट दिसले. इन्सर्टची धार गेली होती; पावणेदहाला तो बदलून मशीन पुन्हा चालू होतं.