पुस्तकाची अवस्था कोण ठरवणार? अवस्था-यंत्रासाठी वेगळा क्लास

बारावीच्या मुलांचा ठरलेला प्रकल्प म्हणजे शाळेच्या ग्रंथालयाचा प्रोग्राम. त्यातला पुस्तक देण्याचा भाग उघडून बघा. बहुतेकदा तिथे अट असते: पुस्तक 'दिलेले' नसेल तर देऊन टाका. वाचायला बरोबर वाटते ना? पण 'हरवलेले' पुस्तकही 'दिलेले' नसतेच! मग जे पुस्तक कपाटातच नाही ते दुसऱ्या मुलीच्या नावावर चढते आणि वर्षअखेरीला दाखला मागायला गेल्यावर तिच्याकडेच भरपाई मागतात.

अट दुरुस्त करून भागत नाही. परत घेणे, हरवल्याची नोंद, यादी छापणे, सगळीकडे अशाच अटी विखुरलेल्या असतात. म्हणून हा सगळा विचार उचलून एका वेगळ्या क्लासमध्ये ठेवायचा. (क्लासला 'वर्ग' म्हणता येईल, पण वर्गात बसून वर्ग म्हटले की मुले गोंधळतात.)

आधी संगणक बंद. कागदावर तक्ता आखायला सांगा. अवस्था तीन: कपाटात, दिलेले, हरवलेले. घटना चार: देणे, परत येणे, हरवणे, सापडणे. चौकोन झाले 12. कपाटातले दिले की 'दिलेले', दिलेले परत आले की 'कपाटात', दोन्हीकडून हरवले की 'हरवलेले', आणि सापडले की पुन्हा 'कपाटात'. भरले फक्त 5. उरलेल्या 7 ठिकाणी फुली. खरा धडा या फुल्यांमध्येच आहे, घाई करू नका. 'हरवलेले' पुस्तक मुलगी स्वतःच घेऊन आली तर ते 'परत' की 'सापडले'? मुलांना भांडू द्या. इथे नियम शाळेने ठरवायचा असतो, संगणकाने नाही.

पायथॉनमध्ये हाच तक्ता डिक्शनरी होतो: अवस्था आणि घटना यांची जोडी ही किल्ली, पुढची अवस्था हे उत्तर. किल्ली सापडली नाही तर क्लासने सरळ चूक दाखवायची, गप्प बसायचे नाही. बाकी प्रोग्रामने फक्त घटना कळवायची, अवस्थेला बाहेरून हात लावायचा नाही. पायथॉन हे बंधन सक्तीने पाळायला लावत नाही, त्यामुळे तपासताना तेवढे तुम्हीच बघा.

1994 च्या 'डिझाइन पॅटर्न्स' या पुस्तकात प्रत्येक अवस्थेला स्वतंत्र क्लास देण्याची रीत आहे. माझ्या मते बारावीला ती जड जाते, तक्ता पुरे. तक्ता जमला की मुलांना सांगा, आता काही पुस्तके बाइंडिंगला पाठवायची आहेत. किती ठिकाणी बदल करावा लागला ते मोजायला लावा.