शोककाव्यातील तीन नाताळ

१५ सप्टेंबर १८३३ रोजी आर्थर हॅलम हा तरुण व्हिएन्ना येथे अकस्मात मृत्यू पावला. तेव्हा त्याचे वय अवघे २२ वर्षांचे होते. केंब्रिजमध्ये लाभलेला आल्फ्रेड टेनिसनचा तो जिवलग मित्र. शिवाय टेनिसनच्या बहिणीशी, एमिलीशी, त्याचा विवाह ठरलेला होता. लिंकनशरमधील सॉमर्झ्बी गावच्या त्या घरावर दोन वर्षांपूर्वीच पित्याच्या निधनाचा आघात झाला होता, आणि आता हा दुसरा. हॅलमचे शव ट्रिएस्ट बंदरातून जहाजाने इंग्लंडला आणण्यात आले व ३ जानेवारी १८३४ रोजी क्लीव्हडन येथे त्याचे दफन झाले. म्हणजे त्या वर्षीचा नाताळ आला, तेव्हा अंत्यसंस्कारही व्हावयाचे होते.

या मृत्यूतून जन्मलेले 'इन मेमोरियम' हे दीर्घकाव्य १८५० साली कवीच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाले. त्यात १३१ खंड असून आरंभी व अखेरीस स्वतंत्र कविता आहेत. ते सुमारे सतरा वर्षे तुकड्यातुकड्यांनी लिहिले गेले. एवढ्या विस्तारात वाचकाला वाट सापडते ती मुख्यतः तीन नाताळांमुळे. काव्यातील काळ मात्र प्रत्यक्ष पंचांगाशी जुळत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. काव्यात दफनाचे खंड पहिल्या नाताळाच्या आधी येतात.

पहिल्या नाताळाचे खंड बारकाईने वाचण्याजोगे आहेत. धुक्यातून चार खेड्यांच्या घंटा एकमेकींना साद घालीत आहेत. या घंटा पुन्हा कानी पडण्यापूर्वीच आपण संपावे, असे त्या वर्षी कवीच्या मनात येऊन गेले होते. पण त्या वाजू लागताच बाळपणापासूनचा त्यांचा अधिकार मनावर चालतो, आणि दुःखात कोठेतरी आनंदाचा स्पर्श होतो. घरची माणसे चुलाण्याभोवती हॉलीच्या डहाळ्या गुंफतात. (काटेरी पानांच्या व लाल फळांच्या या सदाहरित झाडाला आपल्याकडे नाव नाही, भाषांतरकाराने तोरण म्हटले तर आंब्याची पाने डोळ्यांपुढे येतात आणि सारेच बिघडते.) खेळ होतात, पण हसू उसने असते. कोणीतरी अबोलपणे सर्वांना पाहत आहे, अशी जाणीव प्रत्येकाला होते. सारे वर्तुळात हात धरून बसतात आणि मागल्या वर्षी हॅलमबरोबर म्हटलेले गीत म्हणू लागतात. गाता गाता डोळे भरतात, शांतता पसरते, आणि मग ती पुन्हा गाऊ लागतात. घरातले माणूस गेल्यानंतरची पहिली दिवाळी ज्याने पाहिली आहे, त्याला या प्रसंगाचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. आपल्याकडे त्या वर्षी सण केला जात नाही. येथे सण पाळला जातो, आणि तो पाळणेच जड जाते.

दुसऱ्या नाताळात हॉली तीच आहे, बर्फ निःशब्द पडले आहे, खेळही नेहमीचे आहेत. कोणीच रडत नाही. नेमक्या याच गोष्टीने कवी दचकतो: शोक मरतो की काय? त्याचे उत्तर असे की दुःख गेलेले नाही, ते जीवनाच्या सर्व संबंधांत मिसळून गेले आहे. वाळले आहेत ते केवळ अश्रू. मला हा खंड पहिल्याहून अधिक प्रामाणिक वाटतो. पहिल्या वर्षी रडू आपोआप येते. ते थांबल्याची लाज कबूल करावयास धैर्य लागते.

तिसऱ्या नाताळाच्या वेळी घरच बदललेले असते. टेनिसन कुटुंबाने १८३७ मध्ये सॉमर्झ्बी सोडले. नव्या जागी एकाच चर्चची घंटा ऐकू येते आणि ती अनोळखी आहे. पित्याची कबर दूर, गावाकडच्या बर्फाखाली एकटी राहिली आहे. या वर्षी हॉली आणली जात नाही, खेळ नाहीत. त्यामागोमाग येणारा नववर्षाच्या घंटांचा खंड पुष्कळांना परिचित आहे, पण तो सुटा वाचला जातो आणि त्याआधीचे सजावट नसलेले घर नजरेआड राहते.

१४ डिसेंबर १८६१ रोजी, नाताळाला अकरा दिवस उरले असता, राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स आल्बर्ट वयाच्या ४२ व्या वर्षी वारले. इंग्लंडमध्ये नाताळवृक्षाची प्रथा लोकप्रिय करण्यात या दांपत्याचा मोठा वाटा होता. २३ डिसेंबरला विंडसर येथे अंत्यविधी झाला, तेव्हा राणी ऑस्बर्न येथे होती. पुढील वर्षी एप्रिलमध्ये तिने टेनिसनला तेथे भेटीस बोलाविले आणि बायबलखालोखाल आपल्याला याच काव्याचा आधार वाटतो, असे त्याला सांगितले.