खेळणे घरचे असो, पण घशात जाणारे नको

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. आपल्या लेकरांचे शिकणे मात्र शाळेच्या आधीच, घरात सुरू होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आसपासच्या वस्तूंवरच मुलांना शिकवले. विकतच्या खेळण्यावाचून काही अडत नाही.

तीन वर्षांखालील मुलाला जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा घट्ट चेंडू करून द्या. एकात एक बसणाऱ्या डबे-वाट्यांतून लहान-मोठे कळते. तीन ते सहा वयाच्या मुलांना मातीचे गोळे करू द्या, सारखी पाने जुळवू द्या, फरशीवर खडूने काढलेल्या अक्षरावर बोट फिरवू द्या. शाळूच्या चिपाडांची बैलगाडी मोठ्यांनी करावी, सालीला धार असते. बोटांना वळण लागले की पेन्सिल धरणे सोपे जाते.

दोन गोष्टी आम्ही वस्तीत पुन्हा पुन्हा सांगतो. चिंचोके, मणी, घड्याळाचा सेल लहानग्याच्या हाती नको. काही अडकून रडणे-खोकणे बंद झाले, तर मुलाला डोके खाली करून पालथे धरा आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा मारा. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. घशात बोट घालून चाचपू नका.

दुसरे, तासगावकडे द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या आयाबहिणींनी फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली खेळायला आणू नये. धुतली तरी विष राहते.

येत्या रविवारी वंदनेनंतर प्रत्येक घराने एक खेळणे करून विहारात आणावे. आम्ही ते तपासून देऊ.