फोन गेला तरी पैसे जाऊ नयेत

कारंजा (घाडगे)च्या बसस्थानकावर नागपूरकडे जाणारी एसटी लागली की दाराशी काय होतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. २०२२ मध्ये पंचाहत्तरी पार केलेल्यांना प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट लागू झालं. फार चांगलं झालं. कितीतरी बायका आता दवाखान्याला, माहेरी, लेकीकडे कुणाच्या तोंडाकडे न बघता जातात. पण लग्नसराईत त्या दारातून आत शिरायचं म्हणजे एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात दांडा आणि मागून रेटा. खांद्यावरची पर्स तेवढ्यात पाठीकडे सरकते आणि तिच्यावर आपली नजर राहत नाही.

माझा फोन तिथंच गेला. कोंढाळी आली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई, तुमच्या पर्सची चैन उघडी दिसून रायली." पाकीट जागेवर, चष्मा जागेवर, फोन नाही. चोर गाडीत शोधण्यात अर्थ नव्हता. ही माणसं दाराशीच काम उरकतात आणि खालीच राहतात. तो फोन मला आजवर मिळालेला नाही. पण खात्यातला एक रुपयाही गेला नाही, आणि म्हणूनच हे लिहिते आहे.

फोन गेला की आपण हळहळतो ते त्याच्या किमतीसाठी, फोटोंसाठी. चोरट्याला मात्र त्यातलं सिम मोलाचं असतं. बँक, आधार, गॅस, पीकविमा, सगळं त्या एका नंबरला जोडलेलं. फोन कितीही पक्का लॉक असला तरी सिम टाचणीनं बाहेर निघतं, दुसऱ्या फोनात बसतं आणि आपले ओटीपी त्या दुसऱ्या फोनवर येऊ लागतात. त्याला अडवणारी एकच गोष्ट आहे : सिमचा स्वतःचा पिन. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात 'सिम लॉक' असतं. ते चालू केलं की सिम कुठल्याही फोनात टाका, आधी पिन मागतं. तीनदा चुकला की सिम अडतं, मग कंपनीकडून पीयूके आकडा घ्यावा लागतो. म्हणून लावण्याआधी सिमचा मूळ पिन कंपनीला विचारून घ्या, अंदाजानं आकडे दाबू नका. माझ्या मुलानं दिवाळीत घरी आल्यावर हे लावून दिलं होतं. रोजच्या वापरात त्याचा काडीचा त्रास नाही, फक्त फोन बंद करून चालू केला की पिन टाकायचा.

काकूंच्या फोनवरून पहिला फोन मुलालाच केला. त्यानं आधी माझा फोन दुरून लॉक केला. अँड्रॉइड फोनच्या 'थेफ्ट प्रोटेक्शन'मध्ये 'रिमोट लॉक' आधीच चालू करून ठेवलं असेल, तर अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक या पानावर नुसता आपला नंबर टाकून पडदा बंद करता येतो. पासवर्ड लागत नाही. मात्र चोरीच्या फोनला इंटरनेट मिळत असेल तरच हे जमतं. म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी फोन लॉक, लगेच मागोमाग सिम बंद, मग बँक. सिम आधी बंद केलं तर लॉक करायचा रस्ताच तुटतो. पण लॉक होत नसेल तर त्यात वेळ घालवू नका, सिम बंद करा.

फोन कुठं आहे ते बघायला मुलानं माझं गुगल खातं उघडायला घेतलं, तर खात्रीचा कोड कुठं गेला? चोरीला गेलेल्या फोनवरच. यासाठी गुगल 'बॅकअप कोड' देतं, आठ आकडी. ते कागदावर उतरवून घरच्या कपाटात ठेवायचे असतात. त्याच कागदावर फोनचा १५ आकडी आयएमईआय, बँकेचा तक्रार क्रमांक आणि घरातल्या दोघांचे नंबर असावेत. लेकाचा नंबर तोंडपाठ असलेली किती माणसं उरली आहेत आता?

पोलिसांत तक्रार कुठं करायची, हाही प्रश्न होता. चोरी कारंज्यात, म्हणजे वर्धा जिल्ह्यात. कळलं कोंढाळीत, म्हणजे नागपूर जिल्ह्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठल्या हद्दीत घडला याची अट नाही. नोंदीची प्रतही फुकट मिळते. चोरी झाली असेल तर 'चोरी'च लिहून द्या. 'गहाळ' म्हणजे आपल्याच हातून हरवला, असा अर्थ होतो.

ती प्रत, ओळखपत्र आणि आयएमईआय घेऊन केंद्र सरकारच्या 'संचार साथी'वर फोन ब्लॉक करता येतो. देशात कुठल्याही कंपनीचं सिम घातलं तरी तो मग चालत नाही. ही सोय २०१९ मध्ये पहिल्यांदा आपल्या महाराष्ट्रातच सुरू झाली, मे २०२३ पासून देशभर आहे. इथं एक अडचण येते, ती आधीच सांगते : अर्जासाठी ओटीपी लागतो आणि नव्यानं घेतलेल्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. घाबरू नका, तेवढी कळ काढा.

आता ज्या गोष्टी मी रोज बघते त्या. फोनच्या कव्हरमध्ये एटीएम कार्ड, आधार कार्ड खोचून ठेवतात. हे आजच्या आज काढा. यूपीआय पिन नव्यानं लावताना कार्डाचे शेवटचे आकडे आणि मुदत विचारतात. फोन, सिम आणि कार्ड एकत्र म्हणजे चोराला सगळंच आयतं. बंद पडद्यावर मेसेज वाचता येतात, तेही बंद करा, नाहीतर लॉक असून ओटीपी दिसतोच. यूपीआय लाइटमध्ये हजारापर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो, तेव्हा त्यात थोडेच पैसे ठेवा. गाडीत चढताना फोन आतल्या कप्प्यात, पर्स पोटाशी. तिकिटाचे सुटे पैसे वेगळे असू द्या, म्हणजे गर्दीत फोन काढून पिन दाबायची वेळ येत नाही. आणि खात्यातून पैसे गेलेच तर १९३० वर फोन करायला उद्याची वाट बघू नका.

बाजारात कुणी बिलाशिवाय स्वस्तात फोन देत असेल तर घेऊ नका. केवायएम लिहून जागा सोडून आयएमईआय टाका आणि १४४२२ वर पाठवा. तो काळ्या यादीत आहे का ते कळतं. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यालाही कायद्यात शिक्षा आहे, आणि आपण घेतो म्हणून तर बसच्या दाराशी हात चालतात.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोन आधी हातात घ्या. त्यांच्या फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा, दिसेल तो आकडा वहीत लिहा आणि सिमचा पिन लावून द्या. त्यांना हे एकट्यानं जमणार नाही, तुम्हीच करायला हवं.