भिंतीवाचून तुरुंग

अहिल्यानगर जिल्ह्यात सुप्याच्या दक्षिणेस विसापूर येथे खुले कारागृह आहे. अशा तुरुंगांची कथा जुन्या औंध संस्थानापर्यंत मागे जाते.

हातून खून घडलेल्या माणसाला पुढे पश्चात्ताप झाला, तर काय करावे? क्षमा करावी, तर मृताच्या आप्तांना न्याय कोठला? जन्मभर कोंडावे, तर एक सुधारलेले जीवन व्यर्थ जावयाचे. प्रश्न मोठा बिकट खरा!

१९३९ साली औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या राज्यात, मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या अभियंत्याच्या पुढाकाराने, आटपाडीजवळ बंद्यांची वसाहत वसली. तिचे नाव स्वतंत्रपूर! बंद्यांची शिक्षा माफ झाली नव्हती. परंतु तेथे उंच भिंती नव्हत्या, बेड्या नव्हत्या. बंदी बायकामुलांसह राहत आणि जमीन कसून पोट भरीत. पळून जाणे कठीण नव्हते. मात्र एकजण पळाला, तर मागे राहिलेल्या सर्वांवरचा विश्वास उडाला असता. तुरुंगाच्या भिंतीहून हे बंधन काही हलके नव्हे.

या प्रयोगावरूनच व्ही. शांताराम यांना १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची स्फूर्ती मिळाली. स्वतंत्रपूर आजही आहे. तेथील बंदी शिक्षाच भोगीत असतो. मात्र सायंकाळी शेतातून परततो, तो आपल्या मुलाबाळांकडे.