जुन्या मोटारीचें इंजिन व सिंथेटिक तेल

हल्लीं बहुतेक बागाईतदारांच्या दारांत जीप अगर मोटार उभी असते. बी-बियाणें आणणें, मजुरांची ने-आण करणें, माल बाजारांत पोंचविणें आणि वेळप्रसंगीं आजारी माणूस तालुक्याच्या गांवीं नेणें हीं सर्व कामें त्या एका गाडीवर चालतात. अशी गाडी दीड-दोन लाख किलोमीटर धावली म्हणजे तेल बदलतेवेळीं दुकानदार सुचवितो कीं, “आजवर साधें तेल घातलेंत, आतां सिंथेटिक घाला, इंजिन नव्यासारखें होईल.” उलटपक्षीं गांवचा मिस्त्री बजावतो कीं, “जुन्या इंजिनांत सिंथेटिक घातलेंत तर जागोजाग गळती सुरू होईल.” दोघांच्याहि बोलण्यांत थोडें तथ्य व पुष्कळ अतिशयोक्ति आहे. इंजिन उघडून पुन्हां बांधावयाचें म्हटलें तर एका हंगामाच्या नफ्याचा मोठा वांटा त्यांत खर्ची पडतो; याकरितां हा प्रश्न ऐकीव मतांवर न सोडतां नीट समजून घेणें अवश्य आहे.

इंजिनांतील तेल केवळ वंगणाचें काम करितें असें नव्हे. पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर यांमधील सूक्ष्म फट तें भरून काढतें, जेथें पाणी पोंचत नाहीं तेथील उष्णता वाहून नेतें, आणि जळणापासून उत्पन्न होणारी काजळी व आम्लें आपल्या पोटांत घेतें. डब्यांतील तेलाचा मोठा भाग म्हणजे मूळ तेल. बाकीचा भाग निरनिराळ्या रासायनिक द्रव्यांचा, ज्यास आपण तेलाचा मसाला म्हणूं. साधें तेल व सिंथेटिक तेल यांत मुख्य फरक असतो तो मूळ तेलाचा. साधें तेल जमिनींतून निघालेल्या खनिज तेलापासून शुद्ध करून काढतात. त्यांतील रेणू लहानमोठे, नाना आकारांचे असतात. चाळणी न लावलेल्या धान्याच्या राशीसारखें तें असतें म्हणावयास हरकत नाहीं. सिंथेटिक तेलांतील रेणू रासायनिक क्रियेनें घडविलेले, बहुतेक सारख्या ठेवणीचे असतात.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनें मूळ तेलांचे पांच वर्ग केले आहेत. पहिले दोन साध्या तेलाचे. तिसऱ्या वर्गांत खनिज तेलच घेऊन, प्रचंड दाब व उष्णता यांखालीं त्यावर हायड्रोजनची क्रिया करून त्याचे रेणू बदलून टाकतात. चौथ्या वर्गाचें तेल वायुरूप पदार्थापासून मुळांतूनच घडवितात. एस्टर वगैरे उरलेलीं तेलें पांचव्यांत येतात. तिसऱ्या वर्गास सिंथेटिक म्हणावें कीं नाहीं यावर अमेरिकेंत दोन मोठ्या कंपन्यांचा वाद झाला व १९९९ सालीं तेथील जाहिरातविषयक मंडळानें तसें म्हणण्यास मोकळीक दिली. आपल्याकडेहि तिसऱ्या वर्गाचें तेल सिंथेटिक म्हणूनच विकलें जातें. तें वाईट नाहीं, चांगलेंच असतें. परंतु डब्यावरील त्या एका शब्दाला भुलून वाटेल ती किंमत देऊं नये, इतकेंच सांगणें आहे.

सिंथेटिक तेलाचे गुण दोन. तें थंडींत कमी घट्ट होतें, आणि फार उष्णतेंत लवकर आटत, आंबट होत अगर करपत नाहीं. यांपैकीं पहिल्या गुणाचा आपणांस लाभ थोडा. १५डब्ल्यू प्रतीचें साधें तेल शून्याखालीं २० अंशांवरहि इंजिन फिरूं देईल अशी त्याची कसोटी असते. निफाडकडे कडाक्याची थंडी पडली तरी तेवढी कोठून पडणार? दुसरा गुण मात्र खरा उपयोगी. विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा, भरलेली गाडी, चढाचा रस्ता आणि त्यांत टर्बो असलेलें डिझेल इंजिन, अशा ठिकाणीं तेलाची परीक्षा होते. टर्बोचा दांडा मिनिटास लाखाच्या वर फेरे घेऊं शकतो व त्याची एक बाजू धुराच्या तापानें भाजत असते. घाट चढून येतांच इंजिन बंद केलें तर तेथें अडकलेलें तेल करपून त्याचा कोळसा होतो. सिंथेटिक तेल हा ताप अधिक सोसतें. तथापि घाट चढून आल्यावर एक-दोन मिनिटें इंजिन हळू चालूं देऊन मग बंद करण्याची संवय लावावी. हा लाभ फुकट आहे व तो कोणत्याहि तेलास मिळतो.

आतां गळतीविषयीं. मिस्त्रीची ही भीति अगदींच निराधार नाहीं. १९७४ सालीं मोबिल वन हें तेल अमेरिकेंत विक्रीस आलें, व त्या सुमारास सिंथेटिक तेलांविषयीं गळतीच्या तक्रारी ऐकूं येऊं लागल्या. चौथ्या वर्गाच्या मूळ तेलाचा स्वभाव रबरी सील किंचित् आकसविण्याचा असतो. एस्टरचा स्वभाव याच्या उलट, म्हणजे सील फुगविण्याचा. पुढें दोहोंचें प्रमाण जुळवून हा दोष काढून टाकण्यांत आला. सारांश, आजचें चांगलें सिंथेटिक तेल धडधाकट सीलास बाधक नाहीं.

पण जुन्या इंजिनाचीं सीलें धडधाकट नसतात. वर्षानुवर्षें उष्णता खाऊन रबर कडक होतें, त्यास बारीक चिरा पडतात. वेळच्या वेळीं तेल बदललें नसेल तर डांबरासारखा काळा गाळ सांध्यासांध्यांत बसतो, आणि तोच गाळ त्या चिरा बुजवून ठेवतो. पाटाच्या बांधाला उंदरानें पाडलेलें भोंक गाळानें भरलेलें असावें, आणि स्वच्छ पाण्याचा जोर लागतांच तो गाळ धुपून पाणी पलीकडच्या वावरांत जावें, तसाच हा प्रकार आहे. पाण्यानें भोंक पाडलें नाहीं, उघडें केलें. परंतु पाणी वाहून जावयाचें तें जातेंच, हेंहि विसरतां कामा नये. आमच्या शेजारच्या एका द्राक्ष-बागाईतदारांच्या जीपमध्यें पावणेदोन लाख किलोमीटरनंतर प्रथमच सिंथेटिक तेल घातलें, आणि पंधरा दिवसांत इंजिनाच्या मागल्या बाजूनें थेंब पडूं लागले. मिस्त्रीनें गिअरबॉक्स उतरवून जुनें ऑईल सील काढलें तें चामड्यासारखें ताठ झालें होतें. नवें सील बसविलें व तेंच सिंथेटिक तेल पुन्हां भरलें; त्यानंतर गळती नाहीं. तेलावर आलेला आळ वास्तविक सीलाचा होता.

म्हणून तेल बदलण्यापूर्वीं आपल्या इंजिनाची प्रकृति पाहावी. त्यास शंभर पानांची एक वही व थोडी चिकाटी पुरे. गाडी सपाट जागीं उभी करून सकाळीं, इंजिन सुरू करण्यापूर्वीं, तेल मोजण्याची दांडी पुसून पुन्हां घालून पाहावी. दर ५०० किलोमीटरला असें करावें, आणि तारीख, किलोमीटर व वरून किती तेल घातलें हें लिहून ठेवावें. एका बदलापासून दुसऱ्या बदलापर्यंत अशी नोंद झाली म्हणजे इंजिन तेल किती खातें तें आपोआप कळतें. “फारसें खात नाहीं” हें उत्तर नव्हे. नोंद नसलेल्या खर्चास मनुष्य नेहमींच थोडा म्हणतो. माझ्या मतें दोन हजार किलोमीटरला एक लिटरपेक्षां अधिक तेल लागत असेल तर सिंथेटिकचा विचार बाजूस ठेवून प्रथम कारण शोधावें.

धुराकडेहि पाहावें. रात्रभर उभी गाडी सुरू करतांना क्षणभर निळा धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हचीं सीलें थकलीं आहेत. चढावर, ओझ्याखालीं निळा धूर येत राहत असेल तर रिंगा झिजल्या अगर अडकल्या आहेत. काळा धूर डिझेलच्या पंपाचा अगर नॉझलचा, किंवा हवेच्या तुंबलेल्या फिल्टरचा. त्याशीं तेलाचा संबंध नाहीं. दांडीवरचें तेल दुधाळ दिसल्यास पाणी आंत शिरत आहे असें समजावें. आणि तेल कमी न होतां वाढत असेल तर आनंद मानूं नये! त्यांत डिझेल अगर पाणी मिसळत आहे, व हें तेल खाण्यापेक्षांहि वाईट. यांपैकीं कोणताहि दोष सिंथेटिक तेलानें बरा होत नाहीं. काजळीनें नुसत्या अडकलेल्या रिंगा चांगल्या तेलानें कधीं कधीं सुटतात व तेल खाणें कमी होतें, परंतु झिजलेलें लोखंड कोणतेंहि तेल भरून काढीत नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट तेलाच्या आंकड्यांची. पुष्कळांची फसगत येथेंच होते. पहिला आंकडा थंडींतील वागणुकीचा, दुसरा इंजिन तापल्यावरच्या घट्टपणाचा. शंभर अंशांवर ३० प्रतीच्या तेलाचा घट्टपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, तर ४० प्रतीचा १२.५ ते १६.३ असतो. दुकानांत पुष्कळदां सिंथेटिक म्हणून ५डब्ल्यू-३० चा डबा पुढें केला जातो. ज्या गाडीच्या पुस्तकांत १५डब्ल्यू-४० सांगितलें आहे तींत हा घातला, तर झिजून रुंदावलेल्या फटींतून पातळ तेल निसटतें, तेलाचा दाब उतरतो, हळू चालींत लाल दिवा लुकलुकूं लागतो. आणि बोल मात्र सिंथेटिकला लागतो. सिंथेटिकमध्येंहि ५डब्ल्यू-४० व १५डब्ल्यू-४० मिळतें. पुस्तकांत असलेला दुसरा आंकडा सोडूं नये.

डब्यावरील अक्षरेंहि वाचावीं. ‘एस’ नें सुरू होणारीं अक्षरें पेट्रोल इंजिनाचीं, ‘सी’ चीं डिझेलचीं. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या ज्या डिझेल गाड्यांस काजळीचा फिल्टर आहे त्यांस कमी राखेचें तेलच लागतें. दुसरें घातल्यास फिल्टर कालांतरानें बुजतो. मोटारीचें उरलेलें तेल मोटारसायकलींत ओतण्याची काटकसर तर करूंच नये, कारण तिचा क्लच बहुधा त्याच तेलांत बुडालेला असतो व तो घसरूं लागतो.

बदल करावयाचें ठरल्यावर विशेष खटाटोप नाहीं. साधें व सिंथेटिक तेल एकमेकांत मिसळतें. सेमी-सिंथेटिक म्हणजे दोहोंचें मिश्रणच होय. वाटेंत तेल कमी पडलें व साधेंच मिळालें तर तें घालावें, पण इंजिन कोरडें चालवूं नये. इंजिन धुण्याचें औषध जुन्या गाडींत घालण्याच्या मी विरुद्ध आहें. सुटलेला गाळ एकदम खालीं येऊन तेल खेंचणारी जाळी बुजली तर दहा मिनिटांत बेअरिंगें जातात. इंजिन गरम असतांना जुनें तेल पूर्ण निथळूं द्यावें, फिल्टर नवा घालावा, आणि सिंथेटिकची पहिली भरती पुस्तकांतील अर्ध्या अंतरावरच बदलावी, म्हणजे सुटलेला गाळ हळू हळू बाहेर पडेल. डिझेल इंजिनांत तेल चार दिवसांत काळें होतें. तें काजळी पोटांत धरीत आहे एवढाच त्याचा अर्थ. पुढेंहि पुस्तकांतील अंतर वाढवूं नये. मूळ तेल टिकलें तरी मसाला संपतो, आणि शेतरस्त्यांची धूळ व डिझेलची काजळी तेलाची जात विचारीत नाहीं.

खर्चाचा अंदाज असा. समजा, चेंबरमध्यें सहा लिटर तेल मावतें, वर्षांत २०,००० किलोमीटर धांव आहे व दर १०,००० ला तेल बदलतों. साधें तेल लिटरास ३५० व सिंथेटिक ८०० रुपये धरलें, तर १२ लिटरांचे ४,२०० व ९,६०० रुपये, म्हणजे वर्षाचा फरक ५,४०० झाला. टर्बो असलेल्या, नीट सांभाळलेल्या गाडीस हा खर्च मी योग्य समजतों. तीच गाडी वरून आणखी दहा लिटर पीत असेल तर फरक ९,९०० वर जातो, आणि तो पैसा धुरांत व जमिनीवर जाणारा आहे. तेवढ्या रकमेपैकीं कांहीं सीलांवर खर्चून साधें तेल वेळच्या वेळीं बदलणें अशा गाडीस अधिक हितकर. सीलांस मऊ ठेवणारा मसाला घातलेलीं, जुन्या इंजिनांकरितां म्हणून निघालेलीं तेलेंहि मिळतात. किरकोळ पाझर असल्यास तीं वापरून पाहण्यास हरकत नाहीं.

डबा सीलबंद पाहून, पावती घेऊन विकत घ्यावा, व रिकामा झाल्यावर त्यास भोंक पाडावें, नाहींतर बनावट तेल भरून तोच पुन्हां बाजारांत येतो. काढलेलें काळें तेल खांबांस वाळवीकरितां चोपडण्याची अगर विहिरीजवळच्या चरांत ओतण्याची चाल आहे. त्या तेलांत कर्करोगास कारण होणारीं द्रव्यें व धातूंचे अंश उतरलेले असतात. हातांस लागल्यास साबणानें धुवावे, आणि तें तेल झांकणाच्या डब्यांत साठवून जुनें तेल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडेच द्यावें.