अवयवरोपणानंतरची औषधे आणि रक्तस्राव

देशातील पहिले गर्भाशयरोपण मे २०१७ मध्ये पुण्याच्या गॅलक्सी केअर रुग्णालयात झाले. रोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दबविणारी औषधे द्यावी लागतात. अपत्यप्राप्तीनंतर गर्भाशय काढून ती थांबविता येतात; मूत्रपिंड वा यकृत मिळालेल्यांना मात्र ती सामान्यतः आजन्म घ्यावी लागतात.

यांपैकी ॲझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट व सिरोलिमस यांमुळे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट कमी होऊ शकतात. रोपणानंतर गाऊट हा सांधेविकार पुष्कळांना जडतो आणि खरी मेख येथेच आहे. त्यावरील ॲलोप्युरिनॉल ॲझाथायोप्रिनसोबत नेहमीच्याच मात्रेत दिले, तर ॲझाथायोप्रिनचा प्रभाव कित्येक पटींनी वाढून अस्थिमज्जेचे कार्य मंदावते. प्रेडनिसोलोनच्या जोडीला दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी जठरात व्रण पाडू शकते. म्हणून गावच्या आरोग्य केंद्रातही रुग्णाने चालू औषधांची चिठ्ठी प्रथम दाखवावी.

हिरड्यांतून रक्त, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग किंवा डांबरासारखे काळे शौच दिसल्यास त्याच दिवशी रोपण केंद्राशी संपर्क साधावा. भीतीपोटी औषधे परस्पर बंद करू नयेत. त्याने अवयवच गमवावा लागतो. मात्रा किती कमी करावयाची, हे तज्ज्ञ रक्त तपासून ठरवितात.